वाघिणीतून गादीवर : ब्रिटनमधील वाफेच्या युगातील प्रवासी डब्यांची कहाणी

रेल्वेच्या इतिहासात मानाचे पान नेहमीच इंजिनाला मिळत आले आहे. स्टीफन्सन पिता-पुत्रांचे 'रॉकेट', लंडन-एडिंबरो मार्गावरील 'फ्लाइंग स्कॉट्समन' किंवा १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम नोंदवणारे 'मॅलर्ड' ही नावे रेल्वेचा विशेष अभ्यास नसलेल्यांनाही ठाऊक असतात. प्रवासी मात्र इंजिनात बसत नव्हता. तो बसत होता मागच्या डब्यात. त्या डब्यात तो उभा होता की बसलेला, भिजत होता की कोरडा, अंधारात होता की उजेडात, आणि गाडी घसरलीच तर त्याच्या वाचण्याची शक्यता किती होती, हे सारे डब्याच्या बांधणीवर अवलंबून होते.

ब्रिटनमध्ये वाफेच्या प्रवासी गाड्यांचे युग स्थूलमानाने १८३० ते १९६८ असे मानता येईल. या काळातील डब्यांचा इतिहास चाळला असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. डोक्यावरचे छप्पर, धोक्याची साखळी, भरवशाचा ब्रेक, सुरक्षित दिवा यांपैकी फारच थोड्या गोष्टी रेल्वे कंपन्यांनी आपणहून दिल्या. बहुतेक सोयींच्या मागे एखादा अपघात, एखादा गुन्हा किंवा संसदेचा एखादा कायदा उभा आहे. शिवाय वरच्या वर्गाला मिळालेली सुखसोय तिसऱ्या वर्गापर्यंत पोहोचण्यास कित्येकदा अर्धे शतक लागले.

घोडागाडीची तीन अंगे

लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झाली, तेव्हा प्रवासी डबा कसा असावा याचा कोणताही नमुना समोर नव्हता. साहजिकच हे काम घोड्यांच्या प्रवासी गाड्या बांधणाऱ्या कारागिरांच्या हाती गेले. त्यांनी आपल्याला ठाऊक असलेलीच वस्तू बनविली. घोडागाडीची तीन अंगे एकापुढे एक ठेवून ती एकाच चारचाकी सांगाड्यावर बसविली, की पहिल्या वर्गाचा डबा तयार! प्रत्येक अंगात समोरासमोर तीन-तीन असे सहा, म्हणजे डब्यात एकूण अठरा प्रवासी. दारांची गोलाई, रंगकाम, फार काय डब्यांना 'ट्रॅव्हलर'सारखी नावे देण्याची पद्धतही घोडागाडीचीच. सामान टपावर बांधले जाई आणि गार्डही टपावरच्या उंच आसनावर बसून वारा, पाऊस आणि इंजिनाच्या ठिणग्या झेलत प्रवास करी.

रेल्वेच्या शब्दसंग्रहातही या जुन्या वाहनाच्या खुणा राहिल्या. 'गार्ड' हा मूळचा टपालाच्या घोडागाडीचा रखवालदार. प्रवाशाचे नाव वहीत नोंदवून घेण्याच्या रिवाजातून 'बुकिंग' आले. हे दोन्ही शब्द पुढे मराठीतही रुळले.

या तीन अंगांतून ब्रिटिश डब्याची एक मूलभूत रचना ठरून गेली. प्रत्येक कप्पा स्वतंत्र, त्याला दोन्ही बाजूंनी बाहेर उघडणारे दार, आणि एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाण्यास आतून वाट नाही. ही रचना पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली आणि तिच्या गुणदोषांभोवतीच पुढील बरेचसे रामायण घडले.

सुरुवातीच्या काळात दुसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर असले तरी बाजू उघड्या असत. तिसऱ्या वर्गाचा विचार अनेक कंपन्यांनी प्रारंभी केलाच नव्हता. केला तेव्हा त्या वर्गाच्या वाट्याला आल्या त्या उघड्या वाघिणी. काहींमध्ये बसण्यास फळ्या होत्या, काहींमध्ये त्याही नव्हत्या. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तळाला भोके पाडलेली असत. त्याच सुमारास, १८४२ मध्ये, राणी ॲडलेडसाठी बांधलेल्या खास डब्यात मात्र पाय पसरून निजण्याची सोय होती. तो डबा आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

सोनिंगची दरड

तिसऱ्या वर्गाचे हे हाल संसदेपर्यंत पोहोचले ते एका अपघातामुळे. २४ डिसेंबर १८४१ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे, ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक मालगाडी लंडनहून पश्चिमेकडे निघाली. इंजिनामागे तिसऱ्या वर्गाच्या दोन उघड्या वाघिणी आणि त्यांच्यामागे मालाने लादलेल्या वाघिणी अशी तिची रचना होती. रेडिंगजवळच्या सोनिंग येथील खोल खोदणीत पावसाने दरड कोसळून रूळ झाकले गेले होते. इंजिन मातीच्या ढिगाऱ्यात घुसले आणि मागच्या जड वाघिणींचा सारा रेटा मधल्या प्रवाशांवर आला. वाघिणींचे कठडे जेमतेम दोन फूट उंचीचे होते, त्यामुळे माणसे बाहेर फेकली गेली. आठ जण जागीच ठार झाले, एकाने पुढे प्राण सोडला. प्रवाशांत लंडनमध्ये नव्या संसद भवनाच्या बांधकामावर असलेले पाथरवट होते. सणासाठी ते घरी निघाले होते.

ज्या संसदेच्या भिंती हे कारागीर रचत होते, त्याच संसदेने १८४४ मध्ये रेल्वे नियमन कायदा संमत केला. त्यामागे विल्यम ग्लॅडस्टन यांचा पुढाकार होता. पुढे चार वेळा पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन तेव्हा व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते. या कायद्याने नव्या रेल्वे कंपन्यांना प्रत्येक मार्गावर दोन्ही दिशांनी दररोज किमान एक अशी गाडी सोडणे बंधनकारक झाले, जी सर्व स्थानकांवर थांबेल, थांबे धरून ताशी सरासरी १२ मैलांहून कमी वेगाने जाणार नाही आणि जिचे भाडे मैलाला एका पेनीहून अधिक नसेल. डब्यात बसण्यास आसने हवीत आणि ऊन-पावसापासून संरक्षण हवे, ही दोन कलमे सर्वांत महत्त्वाची होती. प्रवाशाला ५६ पौंड सामान विनामूल्य नेण्याची मुभा मिळाली. या मोबदल्यात अशा गाड्यांच्या उत्पन्नावरील प्रवासी कर माफ झाला.

या गाड्यांना लोक 'पार्लमेंटरी' म्हणू लागले. कंपन्यांनी कायद्याचा अर्थ लावला तो अक्षरशः. छप्पर द्यायचे म्हणून दिले, पण डबे पेटाऱ्यासारखे बंदिस्त आणि जवळजवळ अंधारे केले. गाडीची वेळही अनेकदा अडनिडी ठेवली. तरीही मजूर, कारागीर, घरकामास शहरात येणाऱ्या मुली अशा मोठ्या वर्गाला छपराखाली बसून प्रवास करण्याचा हक्क प्रथमच मिळाला, हे या कायद्याचे यश होय.

बंद कप्प्यातील भीती

छप्पर मिळाले, आसने मिळाली. पण दोन स्थानकांमध्ये प्रवासी कप्प्यात कोंडलेलाच राहिला. सोबतीस कोण येईल हे नशिबावर अवलंबून होते. ९ जुलै १८६४ रोजी रात्री नॉर्थ लंडन रेल्वेवर ही भीती खरी ठरली. बँकेतील वरिष्ठ कर्मचारी थॉमस ब्रिग्ज यांना पहिल्या वर्गाच्या कप्प्यात मारहाण करून, लुटून चालत्या गाडीतून बाहेर फेकण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटिश रेल्वेगाडीत झालेला हा पहिला खून मानला जातो. रक्ताने माखलेल्या रिकाम्या कप्प्यात सापडलेल्या टोपीवरून फ्रान्झ म्युलर या जर्मन शिंप्याचा माग लागला. तो जहाजाने न्यूयॉर्ककडे निघाला होता. अधिक वेगवान आगबोटीने निघालेले पोलीस त्याच्या आधीच तेथे पोहोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला फाशी झाली.

या प्रकरणाने ब्रिटन हादरले. काही कंपन्यांनी कप्प्यांमधील भिंतींना छोटे गोल झरोके पाडले. लोकांनी त्यांना 'म्युलरचे दिवे' असे नाव दिले. १८६८ च्या कायद्याने वीस मैलांहून अधिक अंतर न थांबता जाणाऱ्या गाड्यांत प्रवाशाला रेल्वे कर्मचाऱ्यांशी संपर्क साधता येईल अशी व्यवस्था सक्तीची केली. विनाकारण तिचा वापर करणाऱ्यास पाच पौंडांपर्यंत दंड ठरला. पहिली व्यवस्था म्हणजे डब्याच्या बाहेरून, छपराच्या कडेने गार्डच्या घंटीपर्यंत गेलेली दोरी. जिवावर बेतलेल्या प्रवाशाने खिडकी उघडून, हात बाहेर काढून ती ओढावी अशी अपेक्षा होती! अर्थातच ती फारशी उपयोगी ठरली नाही. शतकाच्या अखेरीस डब्याच्या आतून ओढता येणारी आणि थेट ब्रेकवर परिणाम करणारी साखळी आली. आज भारतातील गाड्यांत दिसणारी धोक्याची साखळी याच कुळातील.

याच कायद्याने धूम्रपान करणाऱ्यांसाठी वेगळे कप्पे ठेवण्याची तरतूद केली. स्त्रियांसाठी राखीव कप्पेही प्रचलित झाले आणि ते ब्रिटनमध्ये १९७७ पर्यंत टिकून होते.

ॲलपोर्ट यांचा निर्णय

तिसऱ्या वर्गाच्या इतिहासात कायद्याविना, केवळ व्यापारी हिशेबातून घडलेला मोठा बदल म्हणजे मिडलँड रेल्वेचे महाव्यवस्थापक जेम्स ॲलपोर्ट यांचा निर्णय. तोपर्यंत वेगवान गाड्यांत तिसऱ्या वर्गाला सहसा प्रवेश नसे. गरिबाने धीम्या गाडीने जावे, हा जणू नियमच होता. मिडलँडने १८७२ मध्ये आपल्या सर्व गाड्या तिसऱ्या वर्गाला खुल्या केल्या. त्याहून धाडसी पाऊल पडले १ जानेवारी १८७५ रोजी. कंपनीने दुसरा वर्ग रद्द केला, पहिल्या वर्गाचे भाडे दुसऱ्याच्या पातळीवर आणले आणि तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या.

प्रतिस्पर्धी कंपन्यांनी यावर टीकेची झोड उठविली. गरीब प्रवाशांचे हे नसते लाड आहेत, असा त्यांचा सूर होता. परंतु उतारू मिडलँडकडे वळू लागले, तेव्हा इतरांनाही त्याच वाटेने जावे लागले. तिसऱ्या वर्गाचे तिकीट स्वस्त असले, तरी ते काढणाऱ्यांची संख्या एवढी मोठी होती की कंपन्यांचा खरा आधार तोच वर्ग होता. हे गणित ॲलपोर्ट यांनी वेळीच ओळखले होते. त्यांना १८८४ मध्ये 'सर' हा किताब मिळाला.

या निर्णयातून एक गमतीदार परिस्थिती उद्भवली. यथावकाश बहुतेक कंपन्यांनी दुसरा वर्ग बंद केला, परंतु तिसऱ्याचे नाव तसेच राहिले. त्यामुळे कित्येक दशके ब्रिटिश गाड्यांत पहिला आणि तिसरा असे दोनच वर्ग होते, मधला गायब! अखेर ३ जून १९५६ रोजी तिसऱ्या वर्गाला 'दुसरा' म्हणण्यास प्रारंभ झाला. १९८७ मध्ये तेही नाव जाऊन 'स्टँडर्ड' हे नाव आले.

चाके, ब्रेक आणि बोगी

डबा आरामशीर झाला, तरी तो चालतो चाकांवर. धातूच्या चाकावर बसविलेली पोलादी धाव तुटणे ही त्या काळातील मोठी डोकेदुखी होती. २४ डिसेंबर १८७४ रोजी, पुन्हा एकदा नाताळच्या आदल्या दिवशीच, ऑक्सफर्डजवळ शिप्टन-ऑन-चेरवेल येथे एका जुन्या डब्याच्या चाकाची धाव तुटली आणि गाडी घसरून ३४ जण मृत्युमुखी पडले. यावरचा उपाय खरे तर पंचवीस वर्षांपूर्वीच उपलब्ध होता. ॲशफर्ड कारखान्यातील रिचर्ड मॅन्सेल यांनी १८४८ मध्ये लाकडी चाकाचे पेटंट घेतले होते. सागवानाचे पाचरीसारखे तुकडे गोलाकार जुळवून त्याभोवती लोखंडी धाव कड्यांनी जखडली जाई. धाव तुटली तरी ती निखळत नसे, आणि लाकडामुळे खडखडाटही कमी होई. शिप्टनच्या अपघातानंतर अशा चाकांचा प्रसार वाढला.

ब्रेकची कथा अधिक विदारक आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे रविवारच्या शाळेच्या सहलीची गाडी चढावर अडकली. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यावा, असे ठरले. जोड सोडताच मागच्या दहा डब्यांवरील मुख्य ब्रेक निकामी झाला. कारण तो इंजिनाशी जोडलेला असेपर्यंतच चालणारा होता. गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड यांना न जुमानता डबे उताराने मागे धावले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण ठार झाले. त्यांत अनेक मुले होती.

त्याच वर्षी कायदा होऊन सर्व प्रवासी गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचे झाले. स्वयंचलित याचा अर्थ असा, की गाडी तुटली किंवा नळी निखळली तर दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागावेत. हे तंत्र आधीच सिद्ध झाले होते. खर्चाच्या सबबीखाली ते अनेक कंपन्यांनी लांबणीवर टाकले होते, एवढेच.

डब्यांची लांबी वाढली ती बोगीमुळे. मराठीत 'बोगी' म्हणजे डबा असा अर्थ रूढ झाला असला, तरी मूळ शब्द डब्याखालच्या फिरत्या चाकगाड्याचा आहे. चार किंवा सहा चाके असलेला हा गाडा वळणावर स्वतंत्रपणे फिरतो. त्यामुळे लांब डबाही सहज वळतो आणि धक्के कमी बसतात. ब्रिटनमधील पहिले बोगीचे डबे १८७२ च्या सुमारास वेल्समधील फेस्टिनिऑग या अरुंदमापी रेल्वेवर आले. त्यानंतर मिडलँडने अमेरिकेच्या जॉर्ज पुलमन यांचे आलिशान डबे आयात केले. सुट्या भागांत आलेले हे डबे डर्बी येथे जोडून १८७४ मध्ये धावू लागले. वीस-पंचवीस फुटी चारचाकी डब्यांची जागा पुढील तीस वर्षांत ५० ते ७० फुटी डब्यांनी घेतली.

दिवा, ऊब आणि आग

प्रारंभीच्या डब्यांत रात्री तेलाचा दिवा असे. संध्याकाळी स्थानकातील हमाल डब्याच्या टपावर चढून छताच्या भोकातून पेटते दिवे आत सोडी. त्या मंद उजेडात वाचन अशक्यच होते. हिवाळ्यात ऊब मिळण्याचे साधन म्हणजे गरम पाण्याने भरलेला पत्र्याचा चपटा डबा. तो पायांखाली घ्यायचा आणि थंड झाला की पुढच्या स्थानकावर बदलून घ्यायचा. तिसऱ्या वर्गाला ही चैनही उशिराच मिळाली. इंजिनातील वाफ नळीने डब्याडब्यांतून फिरविण्याची पद्धत शतकाच्या अखेरीस रूढ झाली, तेव्हा कुठे थंडीचा प्रश्न सुटला.

तेलानंतर गॅसचे दिवे आले. दाबाखाली भरलेला गॅस डब्याखालच्या टाक्यांत साठविला जाई. उजेड चांगला पडे, पण लाकडी डबा, खाली ज्वलनशील वायू आणि पुढे निखाऱ्यांनी भरलेले इंजिन असा तो जीवघेणा मेळ होता. विजेचा पर्याय उपलब्ध नव्हता असे नाही. लंडन-ब्रायटन मार्गावर १८८१ मध्येच पुलमनच्या एका डब्यात विजेचे दिवे लागले होते. चाकाच्या आसावर चालणारे जनित्रही त्या शतकाच्या अखेरीस वापरात आले. पण सुस्थितीतील गॅसचे डबे बदलण्याचा खर्च नको होता.

२४ डिसेंबर १९१० रोजी हॉज जंक्शन येथे आणि २ सप्टेंबर १९१३ रोजी त्याच मार्गावरील एस गिल येथे टक्कर झाल्यानंतर डब्यांना आगी लागल्या. दोन्ही ठिकाणी मिळून २८ जण गेले. याहून भीषण घटना घडली ती २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडच्या सीमेवरील क्विंटिन्सहिल येथे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या मोहिमेसाठी निघालेल्या 'रॉयल स्कॉट्स'च्या सैनिकांची गाडी स्थानिक गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यात तिसरी वेगवान गाडी शिरली. सैनिकांच्या गाडीचे डबे जुने, लाकडी आणि गॅसच्या दिव्यांचे होते. २१३ यार्ड लांबीची ती गाडी चेपून अवघी ६७ यार्ड उरली आणि मग पेटली. दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. ब्रिटनच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण रेल्वे अपघात होय. सिग्नल केबिनमधील कर्मचाऱ्यांच्या चुकीमुळे गाड्या एकमेकांवर आदळल्या हे खरे. परंतु जीवितहानी एवढी मोठी झाली ती डब्यांमुळे.

जेवण, झोप आणि जोडवाट

कप्प्यांना आतून वाट नसल्याने जेवण आणि स्वच्छतागृह या दोन्हींसाठी प्रवाशाला स्थानकावर उतरावे लागे. ग्रेट वेस्टर्नच्या गाड्या स्विंडन येथे दहा मिनिटे थांबत. तेथील उपाहारगृहाच्या ठेकेदाराशी तसा करारच झालेला होता. घशाला चटके देणारा रस्सा घाईघाईने पोटात ढकलून प्रवासी गाडीकडे धावत. तेथील कॉफीच्या दर्जाबद्दल रेल्वेचे थोर अभियंते ब्रुनेल यांनीही उपरोधिक पत्र लिहिले होते. अखेर १८९५ मध्ये कंपनीने एक लाख पौंड मोजून या करारातून सुटका करून घेतली.

चालत्या गाडीत स्वयंपाक करून जेवण देणारा पहिला डबा १८७९ मध्ये लीड्स-लंडन मार्गावर आला. तो अर्थातच पहिल्या वर्गासाठी होता. तिसऱ्या वर्गाला भोजनाचा डबा मिळाला तो १८९१ मध्ये, ग्रेट ईस्टर्न रेल्वेवर. झोपेच्या बाबतीत अंतर याहून मोठे आहे. पहिल्या वर्गाचा शयनडबा ग्लासगो-लंडन मार्गावर १८७३ मध्ये सुरू झाला. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला आडवे होण्यासाठी १९२८ साल उजाडावे लागले. तेव्हाही एका कप्प्यात चार जण आणि प्रत्येकाला एक उशी व एक धाबळी एवढाच सरंजाम होता.

दोन डब्यांना जोडणारी भात्यासारखी वाट ब्रिटनमध्ये पहिल्यांदा १८६९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या दोन डब्यांत दिसली. सामान्यांसाठी संपूर्ण गाडीभर अशी जोडवाट असलेली पहिली गाडी ग्रेट वेस्टर्नने १८९२ मध्ये सोडली. तीत तिन्ही वर्गांच्या प्रवाशांना स्वच्छतागृहापर्यंत जाता येत होते. कप्पे कायम ठेवून त्यांच्या एका कडेने अरुंद बोळ काढण्याची ही पद्धत लांब पल्ल्याच्या गाड्यांत सर्वमान्य झाली.

वैभवाचे दिवस

१९२३ मध्ये शंभराहून अधिक कंपन्यांचे विलीनीकरण होऊन चार मोठ्या कंपन्या अस्तित्वात आल्या. पुढील सोळा वर्षे ब्रिटिश डब्यांच्या वैभवाची मानली जातात. प्रत्येक कंपनीची ओळख डब्याच्या रंगावरून पटे. ग्रेट वेस्टर्नचा चॉकलेटी व दुधी, लंडन-मिडलँड-स्कॉटिशचा किरमिजी, सदर्नचा हिरवा आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नचा तर रंगच नाही, केवळ रोगण दिलेले सागवान. नायजेल ग्रेस्ली यांच्या देखरेखीखाली बांधलेले हे सागवानी डबे उन्हात मधासारखे चमकत. दोन शेजारच्या डब्यांची टोके एकाच बोगीवर टेकविण्याची त्यांची रचना वजन व खर्च या दोन्हींत बचत करणारी होती.

मे १९२८ पासून 'फ्लाइंग स्कॉट्समन' ही गाडी उन्हाळी हंगामात लंडन ते एडिंबरो हे सुमारे ३९३ मैलांचे अंतर न थांबता कापू लागली. तीत केशकर्तनालयही होते. साध्या तिसऱ्या वर्गाच्या कप्प्यातही आता गादीची आसने, सामानासाठी जाळी, आरसा, समुद्रकाठच्या गावांची चित्रे, आणि बाकाखालून येणारी वाफेची ऊब असे. खिडकी खालीवर करण्यासाठी कातडी पट्टा असे. त्याची भोके खुंटीत अडकवून काच हवी तेवढी उघडी ठेवता येई.

पहिल्या महायुद्धापूर्वी ऐन बहरात असलेली आणखी एक ब्रिटिश करामत म्हणजे चालत्या गाडीतून सुटणारा डबा. मुख्य गाडी स्थानकावर न थांबता भरधाव निघून जाई. त्यापूर्वी शेवटच्या डब्यातील गार्ड खटका ओढून तो डबा सोडवी आणि स्वतःच्या ब्रेकने फलाटाला लावी. १८५८ मध्ये सुरू झालेली ही पद्धत १० सप्टेंबर १९६० रोजी बिस्टर येथे अखेरची वापरली गेली.

राष्ट्रीयीकरणानंतर, १९५१ पासून, 'मार्क वन' हे प्रमाणित पोलादी डबे आले. टकरीत एक डबा दुसऱ्यात घुसू नये यासाठी त्यांना भक्कम स्वयंचलित जोड होते. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी हॅरो येथे तीन गाड्यांच्या अपघातात ११२ जण मृत्युमुखी पडले आणि मजबूत डब्यांची निकड पुन्हा अधोरेखित झाली. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक संपली.

मराठी मुलुखाशी धागा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या गाडीला १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० निमंत्रित होते. ती चालविणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही कंपनी लंडनची. साहजिकच वर्गवारी, स्वतंत्र कप्पे, गार्ड, बुकिंग हे सारे तिच्याबरोबर आले. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर सुरू झालेल्या 'दख्खनच्या राणी'ला वाफेचे नव्हे, तर विजेचे इंजिन होते. पण तिच्या पहिल्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडमध्ये बनले आणि त्यावरील अंगे माटुंग्याच्या कारखान्यात चढविली गेली. या गाडीत तिसरा वर्ग आला तो थेट १९५५ मध्ये.

मात्र मायदेशात तिसऱ्या वर्गाला मिळालेला न्याय येथे आला नाही. मिडलँडने १८७५ मध्ये तिसऱ्या वर्गात गाद्या आणल्या. त्यानंतर चार दशकांनी, १९१७ मध्ये, महात्मा गांधींना भारतातील तिसऱ्या वर्गाची गर्दी, घाण आणि अपमान यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. येथे तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. तरीही हलक्या दर्जाच्या कोणत्याही गोष्टीला मराठी माणूस आजही 'थर्ड क्लास' म्हणतो, त्यामागे या डब्यांची स्मृती आहे.

उरलेले डबे

इंजिने भंगारात गेली तशी लाकडी डब्यांचीही वासलात लागली. परंतु अनेक डब्यांना निराळे आयुष्य लाभले. चाके काढून घेतलेली त्यांची अंगे शेतकऱ्यांनी कोठार म्हणून, कोणी घर म्हणून, कोणी दुकान म्हणून विकत घेतली. भिंतीआड, पत्र्याखाली सुरक्षित राहिल्याने त्यांतील काही दशकांनंतर जवळजवळ अखंड सापडले. लंडनच्या मेट्रोपोलिटन रेल्वेचा १८९२ मधील ३५३ क्रमांकाचा डबा असाच वाचला. जगातील पहिल्या भुयारी रेल्वेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त जानेवारी २०१३ मध्ये तो दुरुस्त होऊन वाफेच्या इंजिनामागे पुन्हा लंडनच्या बोगद्यांतून धावला.

१९७५ मध्ये उघडलेले यॉर्कचे संग्रहालय, ब्लूबेल व सेव्हर्न व्हॅली यांसारख्या स्वयंसेवकांनी चालविलेल्या रेल्वे आणि यॉर्कशायरमधील इन्ग्रो येथे केवळ डब्यांना वाहिलेले छोटेखानी संग्रहालय यांमुळे हे डबे आजही पाहता येतात. काहींत बसून प्रवासही करता येतो. अशा डब्याच्या खिडकीच्या वर धोक्याची साखळी असते आणि तिच्याशेजारी विनाकारण ओढल्यास पाच पौंड दंड असल्याची सूचना असते. पर्यटक तिचे छायाचित्र घेतात आणि पाच पौंडांच्या आकड्यावर हसतात. ती साखळी त्या खिडकीवर येण्यासाठी १८६४ मधील त्या रात्री एका माणसाचा जीव गेला होता, हे त्या सूचनेत लिहिलेले नसते.